पेढे जरा थांबवा! खाऱ्या सरोवरातला 'नवा' जीवाणू आणि इतर पत्रं

गेल्या अंकात मिठागरांच्या लालसर पाण्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांनीच या वेळचं सदर भरलं. माझी नोकरीची सगळी वर्षं जीवाणूंच्या वर्गीकरणात गेली, त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी राजस्थानातल्या सांभर सरोवराच्या काठचा चिखल मिळाला होता. त्यातून २० टक्के मिठाच्या माध्यमावर एक नारिंगी कॉलनी आली. १६एस जनुकाचा सिक्वेन्स बाहेरून करून घेतला. सगळ्यात जवळच्या प्रजातीशी साम्य ९८.१ टक्के आलं. सर म्हणाले, "नवी प्रजाती आहे." बाबांनी घरी पेढे आणले. आता पुढे काय करायचं असतं?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : पेढे खाऊन झाले असतील, त्याला आता इलाज नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर इतक्यात टाकू नका म्हणावं बाबांना.

सरांचं म्हणणं चूक नाही, घाईचं आहे. ९८.१ हा आकडा फक्त एवढंच सांगतो की पुढे जायला हरकत नाही. १६एस जनुकाचं साम्य एका रेषेच्या खाली असलं तर जीव नव्या प्रजातीचा असू शकतो. १९९४ साली स्टॅकेब्रांट आणि ग्योबेल या दोघांनी ९७ टक्क्यांची रेषा आखून दिली होती. पुढे जास्त माहिती हाती आली आणि ती रेषा ९८.७ च्या आसपास सरकली. तुझा आकडा तिच्या खाली आहे, म्हणून आशा. पण आधी तो आकडा आला कुठून ते तपास. रिपोर्ट उघड आणि किती बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, वाचलीत ते बघ. हे जनुक साधारण १५०० बेसचं असतं. सातआठशेच वाचले असतील तर अर्ध्या जनुकावरचं साम्य धरून बसू नकोस, दोन्ही बाजूंनी वाचून निदान १४०० तरी मिळव.

मग तुलना कोणाशी केली ते पाहा. मोठ्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये सिक्वेन्स टाकला की वरच्या दहा ओळी बहुधा 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' अशाच येतात. कुणीतरी कुठल्यातरी चिखलातून काढलेले ते निनावी तुकडे. त्यांच्याशी किती जुळलं याला वर्गीकरणात काही किंमत नाही. प्रत्येक प्रजातीचा एक टाइप स्ट्रेन असतो, म्हणजे जिच्यावरून त्या प्रजातीचं वर्णन केलं ती जिवंत जोपासलेली मूळ वाढ. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी. त्यासाठी ईझीबायोक्लाउड हा डेटाबेस वापर, आणि नावं एलपीएसएनच्या यादीत ताडून बघ. मान्य नावांची ती यादी रोजच्या वापरातली आहे, आणि जवळची म्हणून तुला मिळालेली प्रजाती मधल्या काळात दुसऱ्याच वंशात गेलेली असणं अगदी शक्य आहे.

आता माझी मुख्य शंका. २० टक्के मीठ, नारिंगी रंग आणि सांभर, एवढं ऐकल्यावर मी आधी विचारीन की हा जीवाणू तरी आहे का? इतक्या खारटात वाढणारे नारिंगी-लाल जीव बहुतेक वेळा आर्किआ निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते जीवाणूंसारखेच दिसतात, पण त्यांचं सगळं खानदान वेगळं. पूर्वी तर असं धरूनच चालत की एवढ्या मिठात लाल रंगाचं जे काही वाढेल ते आर्किआच. स्पेनमधल्या मिठागरांतून सॅलिनिबॅक्टर रुबर नावाचा खराखुरा लाल जीवाणू २००२ साली वर्णन होऊन आला आणि ही समजूत मोडली. म्हणजे तुझ्या बाबतीत दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

सिक्वेन्ससाठी कुठले प्रायमर, म्हणजे जनुकाची सुरुवात पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरले ते रिपोर्टमध्ये असेल. जीवाणूंचे असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. शिवाय बिनखर्चाची एक चाचणी कर. काचपट्टीवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब घे, त्यात तारेच्या लूपने कॉलनी मिसळ आणि लूप वर उचल. चिकट तार सुटली तर पेशी फुटून डीएनए बाहेर आलाय. मिठात राहणाऱ्या बऱ्याच आर्किआंचं साध्या पाण्यात असंच होतं. तार सुटली नाही म्हणून मात्र आर्किआ नाहीच असं ठरवू नकोस, हॅलोकॉकससारखे जाड भिंतीचे गोलोबा पाण्याला दाद देत नाहीत.

याच कारणाने तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे पेशी रंगवून जीवाणूंचा गट ठरवायची पद्धत, इथे चालत नाही. नळाखाली पट्टी धुतलीस की नमुना गेला वाहून. ड्यूसो यांनी १९५५ साली दिलेली पद्धत वापर, तिच्यात २ टक्के ॲसिटिक ॲसिडने पेशी पट्टीवर पक्क्या करून घेतात आणि मगच रंगवतात. हल्लीच्या मुलांना ही पद्धत ठाऊक नसते आणि मग प्रबंधात 'ग्रॅम-व्हेरिएबल' असं काहीतरी छापून येतं.

समजा आर्किआ निघाला. मग ९८.१ चा भरवसा आणखी कमी कर. हॅलोआर्क्युला वंशात एकाच पेशीत १६एस जनुकाच्या एकापेक्षा जास्त प्रती असतात आणि त्या एकमेकींपासून ५ टक्क्यांपर्यंत वेगळ्या असू शकतात. स्वतःशीच ९५ टक्के जुळणारा जीव! दुसऱ्याशी ९८.१ जुळला म्हणून काय ठरवणार? अशा वेळी १६एसऐवजी आरपीओबी नावाचं दुसरं जनुक घेतात, किंवा सरळ जीनोमला, म्हणजे जीवाच्या सगळ्या डीएनएला, हात घालतात.

जीनोम तर तुला कुठल्याही परिस्थितीत करावाच लागेल. १६एस हे आडनावासारखं आहे. कुलकर्णी कळलं, पण सदाशिव पेठेत कुलकर्णी किती! संपूर्ण जीनोम वाचून घेतलास की दोन आकडे काढायचे. पहिला एएनआय, म्हणजे दोन जीनोममधल्या सामायिक भागांच्या साम्याची सरासरी. ती ९५-९६ च्या खाली हवी. दुसरा डिजिटल डीएनए-संकरणाचा. तो ७० च्या खाली हवा. ही सत्तरची रेषा १९८७ पासून चालत आली आहे. तेव्हा हे संकरण प्रयोगशाळेत खरोखर डीएनए वितळवून, पुन्हा जोडून करावं लागे, आणि एकच जोडी दोन प्रयोगशाळांत केली तर दोन वेगळी उत्तरं येत. आता ते काम संगणकावर होतं याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र जवळच्या एकाच प्रजातीशी नव्हे, तर त्या वंशातल्या सगळ्या जवळच्या टाइप स्ट्रेनशी तुलना कर. १६एसमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला जीनोममध्ये पहिला निघतो, असं पुष्कळदा होतं.

इथवरचं काम संगणकासमोर बसून होईल. यापुढचं लोकांना कंटाळवाणं वाटतं, आणि प्रजाती ठरते ती इथेच. जवळच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवायचा आणि दोघांना एकाच माध्यमावर, एकाच इनक्युबेटरमध्ये, बरोबरीने वाढवून सगळ्या चाचण्या करायच्या. दुसऱ्याच्या छापील लेखातले आकडे उचलून शेजारच्या रकान्यात टाकायचे नाहीत. कारण पेशीच्या आवरणातली मेदाम्लं तापमान, माध्यम, वाढीचं वय आणि मुख्य म्हणजे मीठ यांप्रमाणे बदलतात. तू १५ टक्के मिठावर वाढवलंस आणि मूळ लेखकाने ८ टक्क्यांवर, तर जो फरक दिसेल तो प्रजातीचा की मिठाचा? मेदाम्लं, ध्रुवीय मेद, श्वसनातली क्विनोन, सगळ्यांना हेच लागू. उदाहरणार्थ हॅलोमोनास वंशात क्यू-९ क्विनोन अपेक्षित असतं, तुझ्याकडे एमके-७ हे दुसऱ्याच जातीचं क्विनोन निघालं तर आधी कल्चर शुद्ध आहे का ते बघ, शोधाचा आनंद मागाहून.

तयार चाचणीपट्ट्या वापरताना पेशी नेहमीच्या ०.८५ टक्के सलाइनमध्ये मिसळू नकोस. मीठप्रेमी जीव तिथे वाढणारच नाही, सगळे खळगे 'निगेटिव्ह' येतील आणि तू लिहून मोकळी होशील की हा काहीच खात नाही. जीवाला लागतं तेवढं मीठ पट्टीतही द्यायचं.

मिठाचीच चाचणी सगळ्यात निगुतीने कर. शून्यापासून ३० टक्क्यांपर्यंत पायऱ्या लाव. शून्यात वाढतो का, हा पहिला प्रश्न. मिठाशिवायही मजेत वाढत असेल तर तो मीठ सोसणारा. मीठ नसलं की अडतं तो मीठप्रेमी. त्यातही साधारण ३ ते १५ टक्क्यांत सर्वांत छान वाढणारे मध्यम आणि १५ ते ३० मध्ये वाढणारे कट्टर. तुलनेला म्हणून, समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. सांभरचं पाणी नुसतं खारट नाही, अल्कधर्मीही आहे, म्हणून सामूच्या पायऱ्याही लाव. माध्यमात सोडियम कार्बोनेट घालणार असशील तर ते वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळ, एकत्र शिजवलंस तर तळाशी सगळा गाळ.

प्लेटा पॉलिथिनच्या पिशवीत बांधून ठेवतेस ना? मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत उघड्या प्लेटांवर मिठाचे स्फटिक उगवतात आणि लांबून ते हुबेहूब कॉलनीसारखे दिसतात. आणि सेंट्रिफ्यूज वापरून झाल्यावर रोटर स्वच्छ धुऊन कोरडा कर. खाऱ्या कल्चरने गंजवलेल्या रोटरवरून आमच्या प्रयोगशाळेत जी भांडणं झाली आहेत ती या मासिकात छापण्यासारखी नाहीत.

माझं एक व्यक्तिगत मत, जे सगळ्यांना पटत नाही. एकाच कॉलनीवरून प्रजातीचं वर्णन करायला नियमांची आडकाठी नाही, आणि जगभर तसं सर्रास होतं. मला ते पटत नाही. एका माणसाला बघून गावाचं वर्णन लिहिण्याला काय अर्थ? जुन्या प्लेटा टाकल्या नसशील तर त्यांवर तशाच आणखी कॉलनी शोध. जमलं तर दुसऱ्या ऋतूतला चिखल मिळव. सांभरचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं आणि उन्हाळ्यात आटून घट्ट होतं. तुझा जीव दोन्ही ऋतूंत सापडला तर त्या सरोवराचा रहिवासी म्हणायला काही आधार मिळेल.

शेवटचा टप्पा कागदांचा. नाव मान्य व्हायचं तर जिवंत टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे उद्या जपानमधल्या कुणाला तुझं म्हणणं तपासायचं असेल तर तो जीव मागवून तपासता यावा. आपल्याकडे पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे. परदेशी संग्रहाला पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. ती कागदपत्रं शेवटच्या महिन्यात करायची नसतात. सरांना आजच विचार, आणि चिखल आणताना कोणाची परवानगी घेतली होती तेही त्याच दमात विचारून ठेव. मग वर्णन आंतरराष्ट्रीय वर्गीकरण नियतकालिकात छापून यायला हवं, किंवा दुसरीकडे छापलं तर तिथल्या मान्यता-यादीत नाव जायला हवं. त्या दिवशी पेढे. मलाही पाठव.

प्रश्न : मिठावर जगणारे जीवाणू असतात असं तुमच्या लेखात वाचलं. आमच्या उसाच्या दोन एकरांत मीठ फुटलंय, उन्हाळ्यात पांढरं दिसतं. हे जीवाणू सोडले तर ते मीठ खाऊन टाकतील का? कुठे मिळतात?
– एक शेतकरी, बारामती तालुका

उत्तर : नाही हो. 'मिठावर' हा शब्द मी ढिलाईने वापरला असेल, पण ते मीठ खात नाहीत, मिठात राहतात. खातात ते तुमच्याआमच्यासारखंच, साखर, प्रथिनं, कुजलेला पाला. खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून काही जण आत पोटॅशियम साठवतात, काही जण एक्टोइनसारखे पदार्थ तयार करतात. पण जमिनीतलं मीठ होतं तेवढंच राहतं. कुणी बाटली दाखवून 'क्षार खाणारे बॅक्टेरिया' म्हणाला तर पैसे देऊ नका.

मीठ सोसणारे आणि मुळांपाशी राहून पिकाचा ताण कमी करणारे काही जीवाणू आहेत, कुंडीतल्या प्रयोगांत त्यांचा उपयोग दिसतो. पण तुमच्या रानाचं दुखणं पाण्याचं आहे. पाटपाणी जास्त, निचरा कमी, खालची पातळी वर आली आणि पाणी उडून मीठ वर राहिलं. आधी माती तपासून जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, ते कळू द्या. क्षारयुक्त असेल तर चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा, आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणं. चोपण असेल तर त्याआधी जिप्सम. मध्ये धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घेऊन गाडा. शेजाऱ्याच्या रानातूनही पाणी झिरपत असेल तर एकट्याने चर काढून भागत नाही, ते गावकीचं काम आहे.

प्रश्न : २०२० साली लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. तेव्हा कुठला नवा जीवाणू सापडला होता का? नंतर काही ऐकलं नाही.
– एक निवृत्त शिक्षिका, हडपसर

उत्तर : नवा कोणी नव्हता. जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी लोकांचा संशय शेवाळावर होता. नमुने आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले आणि कारण निघालं मीठप्रेमी आर्किआ. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, ही मंडळी बेसुमार वाढली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. नमुना स्थिर ठेवल्यावर ती तळाशी बसली आणि वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. मिठागरात मीठ धरायच्या आधी पाणी लालसर होतं, त्यामागेही याच जातकुळीची मंडळी असतात.

गंमत अशी की लोणारमधून खरोखर नव्या प्रजाती निघाल्या त्या अशा गाजावाजाविना. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस आणि नायट्रिटालिया हॅलअल्कॅलिफिला २०१० साली, सेसेम्बिया लोनारेन्सिस २०१२ साली. प्रजातीच नव्हे, तिन्ही वेळा आख्खा वंश नवा. पण पाण्याचा रंग बदलला नाही, म्हणून कॅमेरे आले नाहीत. त्या वेळी पुण्यातल्या कितीशा वर्तमानपत्रांनी एक ओळ तरी छापली असेल?

प्रश्न : संशोधक आपापल्या नावाने जंतू ओळखले जावेत म्हणून हा खटाटोप करतात काय? आणि पुण्यात एवढ्या संस्था असताना एखाद्या जंतूला पुण्याचं नाव द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : स्वतःचं नाव स्वतः शोधलेल्या जीवाला देणं या क्षेत्रात असभ्य समजलं जातं, त्यामुळे पहिली शंका मनातून काढा. दुसऱ्याचं नाव मात्र देतात. २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आणली. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते आपले जयंत नारळीकर, आणि तपासणी हैदराबादला आणि पुण्यात झाली. २००९ साली त्यातून तीन प्रजाती जाहीर झाल्या : जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. हॉइल म्हणजे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, नारळीकरांचे गुरू. गुरूचं नाव जीवाणूला देणं कोणाला चमत्कारिक वाटेल, मला तरी फार गोड वाटलं. यातल्या शेवटच्या दोघांचे वंश पुढे बदलले, ते आता सोलिबॅसिलस आणि प्रिस्टिया या वंशांत आहेत. प्रजातीचं नाव टिकलं, घराणं बदललं.

सेसेम्बियाचं वर उल्लेखलेलं नाव हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आद्याक्षरांवरून केलं आहे. म्हणजे पुण्याला मनाई नाही. पण सांभरच्या चिखलातून आलेल्याला पुण्याचं नाव दिलंत तर उद्या जयपूरकर पत्र लिहितील, आणि त्यांचं बरोबर असेल. मुळा-मुठेच्या पाण्यातून कोणी वेगळा निघाला तर बघू. त्याला आपलं नाव द्यावं की नाही हा प्रश्न तेव्हा तुम्हीच सोडवा.

नाव द्यायलाही जीव हाती लागावा लागतो. अँथनी वॉल्सबी यांना सिनाईच्या किनाऱ्याजवळच्या खाऱ्या डबक्यात चक्क चौकोनी, चपट्या पेशी दिसल्या, ते त्यांनी १९८० साली छापलं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला २००४ साल उजाडलं, आणि हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबाय हे नाव आलं २००७ मध्ये. आता २०२२ पासून नुसत्या जीनोमवरून नावं नोंदवायची वेगळी नियमावलीही निघाली आहे. मी जुन्या वळणाची आहे. ज्याला बाटलीत वाढवून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, त्याच्या नावावर माझा जीव जडत नाही.

प्रश्न : कैरीच्या लोणच्यात मीठ घालतो म्हणजे जंतू मरतात. मग तुमचे मीठप्रेमी जंतू लोणच्यात का होत नाहीत? आणि खडेमीठात ते असतात म्हणे, ते खाणं बरं का?
– एक गृहिणी, बिबवेवाडी

उत्तर : सरोवरातल्या मंडळींना आंबट सोसत नाही. त्यांना उदासीन किंवा अल्कधर्मी पाणी लागतं, कैरी त्यांना मानवत नाही. आणि मीठ सगळ्या जंतूंना मारतं असंही नाही. पुष्कळांचं पाणी तोडून त्यांना नुसतं थोपवून धरतं. त्वचेवर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस साडेसात टक्के मिठातही वाढतो, प्रयोगशाळेत त्याला वेगळा काढायचं माध्यम याच गुणावर बेतलेलं आहे. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा, वरचं तेल आणि कोरडा चमचा या सगळ्यांमुळे. मीठ कमी करायचं असेल तर लोणचं थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाऊ नका, टाकून द्या.

खडेमीठाच्या स्फटिकात अडकलेल्या खाऱ्या थेंबांत आर्किआ जिवंत राहू शकतात, हे खरं. त्यांच्यामुळे माणूस आजारी पडत नाही, पोटात गेल्यावर त्यांना लागतं तेवढं मीठ मिळत नाही. खारवलेला बांगडा लाल पडतो आणि वास मारतो तेव्हा मात्र तेच दोषी असतात. तो बांगडा खाऊ नये.

प्रश्न : मी नववीत आहे. मला शाळेच्या मायक्रोस्कोपखाली मीठ आवडणारे जीव बघायचेत. दिवाळीत लोणारला जाणार आहोत. तिथून बाटलीभर पाणी आणू का?
– एक विद्यार्थी, सहकारनगर

उत्तर : लोणार अभयारण्य आहे, तिथून वन विभागाच्या परवानगीशिवाय पाणी, दगड, काहीच आणायचं नाही. विवराच्या काठावरून नीट बघून ये, तेवढं पुष्कळ आहे.

घरबसल्या करता येईल असं सांगते. मिठागराचं न धुतलेलं, मळकट खडेमीठ मिळव. पाकिटातलं शुद्ध मीठ नको. एका भांड्यात २५० ग्रॅम घे, त्यात पाणी घालत एक लिटर होईपर्यंत विरघळव. उकळू नकोस, नाहीतर ज्यांना बघायचंय तेच जातील. तुझ्या शिक्षकांकडे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असेल तर अगदी चिमूटभर टाक. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत भर, झाकण सैल ठेव आणि खिडकीत, उजेडाच्या उबदार जागी ठेवून दे. वर तारीख आणि 'पिऊ नये' असं मोठ्या अक्षरात लिही. काही आठवडे जातील. पाणी गुलाबीसर झालं तर जमलं, नाही झालं तर दुसऱ्या दुकानातलं खडेमीठ घेऊन पुन्हा लाव. सगळ्याच मिठात ते जिवंत नसतात.

पट्टीवर थेंब घेताना त्यात साधं पाणी मिसळू नकोस, पेशी फुटतील. आच्छादन-काच ठेवल्यावर लगेच बघ, कारण थोड्याच वेळात कडेने स्फटिक धरायला लागतात. बघून झालं की स्टेज आणि खालची भिंगं आधी ओलसर मऊ कापडाने, मग कोरड्या कापडाने पूस. मीठ राहिलं तर धातू गंजतो, आणि मग प्रयोगशाळेतले सर दहावीत तुला दारातच थांबवतील.